तबकड्यांचे नवनीत

आज मी आपल्यापुढे जे बोलणार आहे ते गाण्याविषयी असले, तरी ते गवयाचे बोलणे नव्हे. मी गायक नाही, आणि संगीतशास्त्राचा माझा अभ्यासही नाही. अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर या गावी राहणारा, मुलांना इतिहास व मराठी शिकविण्यात उभा जन्म घालविलेला मी एक निवृत्त शिक्षक आहे. इतिहासाच्या शिक्षकास एक खोड जडलेली असते. कोणतीही जुनी वस्तू हाती आली, म्हणजे ती केव्हाची, कोणी केली आणि आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, हे तीन प्रश्न त्याच्या ओठावर आपोआप येतात. तेच तीन प्रश्न आज मी गाण्याच्या एका संग्रहाला विचारणार आहे. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांतून निवडक पदे काढून एकत्र केलेला हा संग्रह होय.

हा विचार माझ्या मनात कसा आला, ते प्रथम सांगतो. सन १९८५ च्या सुमारास कॅसेटी खेड्यापाड्यांतून पोहोचल्या होत्या. मी तेव्हा नवा नोकरीस लागलेला तरुण शिक्षक होतो. एकदा लातूरच्या बाजारात बालगंधर्वांच्या निवडक पदांची एक कॅसेट दिसली, ती घेतली आणि रेल्वेने गावी आलो. आमच्या गावी त्या वेळी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ होते. सारा गाव त्यांना आबा म्हणे. तरुणपणी शिक्षणाकरिता ते पुण्यास राहिले होते, आणि पोटाला चिमटा घेऊन वाचविलेल्या पैशांवर गंधर्व नाटक मंडळीची नाटके त्यांनी पाहिली होती. त्यांना ऐकविल्यावाचून कॅसेटीचे चीज कसे व्हावे? मी त्यांना संध्याकाळी घरी बोलाविले.

आबा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले. पहिली बाजू संपेतो ते एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र तरुण व उतावळा. मी म्हणालो, “आबा, गाणे गोड आहे यात शंका नाही, पण लोक ज्याच्यासाठी रात्र रात्र जागत, ते एवढेसेच होते का?”

आबांनी डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाले, “गुरुजी, हे गाणे खरे आहे, पण एवढेच गाणे खरे नाही. शिवाय यात पहिले पद आहे ते उतारवयातले, आणि चौथे आहे ते ऐन भरातले. कोणीतरी खालची पाने वर करून पोथी बांधली आहे.”

मी कॅसेटीचे वेष्टन उलटसुलट करून पाहिले. त्यावर पदांचे पहिले शब्द होते, नाटकांची नावे होती. परंतु कोणते पद कोणत्या साली मुद्रित झाले, त्याची रचना कोणाची, चाल कोणाची, साथीला कोण, यांपैकी एका अक्षराचाही उल्लेख नव्हता. मुलांनी उत्तरपत्रिकेत सनावळी चुकविली तर गुण कापणारा मी. पण ज्या संग्रहात सनावळीच नव्हती, त्यावरून एका थोर गायकाविषयी मत बनवून मोकळा झालो होतो!

तेव्हा आता तबकडी ही वस्तू मुळात काय होती, ते पाहू.

चपट्या तबकडीवर ध्वनी कोरण्याची युक्ती एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली काढली. पंधरा वर्षांनी, म्हणजे १९०२ साली, ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग हे मुद्रणाचे साहित्य घेऊन कलकत्त्यास उतरले आणि गौहरजान आदी गायिकांचे आवाज त्यांनी मेणावर घेतले. त्या तबकड्या जर्मनीत हानोव्हर येथे छापून परत हिंदुस्थानात विकावयास येत. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघाला, तेव्हा कोठे हा समुद्रप्रवास थांबला. गमतीची गोष्ट अशी की, तबकडी ज्या लाखेची होत असे, ती लाख मुळात आपल्याच देशातली. छोटा नागपूरच्या रानांत पळस, बोर, कुसुंब या झाडांवर किड्यांनी केलेली लाख साता समुद्रांपलीकडे जाई, आणि आपल्याच गवयाचा आवाज अंगावर घेऊन माघारी येई.

लाखेची तबकडी वजनाला जड आणि स्वभावाने ठिसूळ. हातून पडली की कौलासारखे तिचे तुकडे होत. दहा इंचांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन, फार तर सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्यात गाणे संपवावयाचे, नाहीतर मेण संपे. मुद्रणाची रीतही अवघड होती. १९२५ पर्यंत ध्वनिक्षेपक नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालावे तसे उभे राहून गावयाचे; आवाजाच्या धक्क्याने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरे, आणि त्या थरथरीने सुई मेणावर नागमोडी रेघ ओढी. हळू स्वर कर्ण्याला ऐकू येत नसे, आणि मोठा स्वर आला तर रेघ बिघडे. तबल्याचा डग्गा तर जवळजवळ हरवूनच जाई. १९२५ नंतर विजेच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले, आणि मग कुजबुजही तबकडीवर उतरू लागली.

आता या तीन मिनिटांत कोणाला बसविले, ते पाहा. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. बालवयातच त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी त्यांचे तान्हे अपत्य निवर्तले होते. तरीही भामिनीच्या वेषात ते रंगभूमीवर उभे राहिले. १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ साली ‘स्वयंवर’ आले, १९१९ साली ‘एकच प्याला’ आला, आणि १९३१ साली ‘कान्होपात्रा’. भामिनी, रुक्मिणी, सिंधू, कान्होपात्रा या स्त्रियांची महाराष्ट्राने डोळ्यांत साठविलेली रूपे या एका पुरुषाची होती.

रंगभूमीवर त्यांचे पद तीन मिनिटांचे नसे. अहमदजान थिरकवा यांच्यासारखा तबलजी, कादरबक्ष यांच्यासारखा सारंगिया साथीला. समोर तुडुंब भरलेले प्रेक्षागृह. आणि प्रत्येक पदाला ‘वन्स मोअर’चा गजर. लोकांनी पुन्हा मागितले म्हणजे तेच पद ते पुन्हा गात, पण तसेच नव्हे. नवी जागा, नवा आलाप, शब्दाला नवा हेलकावा. नाटक रात्री सुरू होई आणि कोंबडा आरवण्याच्या सुमारास आटपे. मी गणिताचा शिक्षक नव्हतो, तरी एवढा हिशेब मला करता येतो. रात्रीच्या प्रयोगाचे तास पाच धरले, तर मिनिटे झाली तीनशे. तबकडीच्या एका बाजूची मिनिटे तीन. म्हणजे तबकडी ऐकणाऱ्याच्या पदरात प्रयोगाचा शंभरावा हिस्सा पडतो. आबा “एवढेच गाणे खरे नाही” म्हणाले, ते या हिशेबाने अक्षरशः खरे होते.

असे असूनही तबकडीचे उपकार लहान नव्हते. आमचा हा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता. पुण्यामुंबईच्या रंगभूमीचे दर्शन येथल्या माणसास दुर्लभ. परंतु गावात एखाद्याच्या घरी चावीचा ग्रामोफोन असला, कुत्र्याच्या शिक्क्याच्या चारदोन तबकड्या असल्या, की संध्याकाळी त्या ओसरीवर दहावीस माणसे जमत. आबा सांगत की, सुई प्रत्येक बाजूला नवी लावावी लागे, आणि सुया महाग. म्हणून कोणती बाजू लावावयाची यावर वाद होत. नाटक न पाहिलेल्या माणसांनी ती तीन मिनिटे इतक्या वेळा ऐकली की त्यांना ती पाठ झाली. रंगभूमीवर गायक रोज नवे गाई. तबकडीने त्याचे एकच गाणे कायमचे करून ठेविले.

यानंतर संग्रहाची वेळ आली. १९४८ साली अमेरिकेत मिनिटास तेहतीस व एक तृतीयांश फेऱ्यांनी फिरणारी लांब पल्ल्याची तबकडी निघाली. ती लाखेची नव्हे, विनाइल नावाच्या लवचिक द्रव्याची. तिच्या एकेका बाजूवर वीस मिनिटे आणि त्याहूनही अधिक गाणे मावे. पुढल्या दहाबारा वर्षांत ती भारतातही निघू लागली, आणि १९७० च्या सुमारास लाखेच्या तबकड्यांचे युग येथे संपले. हिशेब सोपा होता. जुन्या सहा तबकड्या, म्हणजे बारा बाजू, एका नव्या तबकडीवर बसत. त्याआधीही अनेक तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या बांधलेल्या पाकिटांत घालून एकत्र विकीत; तिला अल्बम म्हणत, आणि तेच नाव पुढे एका तबकडीवरच्या गीतसमूहाला चिकटले. बालगंधर्वांची पदे अशाच प्रकारे लांब पल्ल्याच्या तबकडीवर, तेथून कॅसेटीवर आणि तेथून सीडीवर आली. वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या यंत्रांनी, वेगवेगळ्या वयात घेतलेल्या बारा बाजू एका माळेत ओवल्या गेल्या.

श्रोतेहो, संकलन हा प्रकार मराठी माणसास नवा नाही. १८५४ साली परशुरामपंत गोडबोले यांनी प्राचीन मराठी कवितेतील वेचे निवडून ‘नवनीत’ या नावाने प्रसिद्ध केले. मुक्तेश्वर, वामनपंडित, मोरोपंत हे कवी कित्येक पिढ्यांना या एका ग्रंथामुळे माहीत झाले. पोथ्या ज्यांच्या घरी नव्हत्या, त्यांच्या हाती लोणी आले. दोष एवढाच की, लोणी मिळाले म्हणजे दूध कोणाचे व गाय कोणाची, हे विचारण्याची गरज माणसास वाटेनाशी होते. मोरोपंतांचे महाभारत समग्र वाचणारे थोडे. ‘नवनीता’तले मोरोपंत ओळखणारे पुष्कळ. तरीही गोडबोल्यांनी एक पथ्य पाळले होते. कोणता वेचा कोणत्या कवीचा, हे त्यांनी वाचकापासून लपविले नव्हते. माझ्या कॅसेटीने ते पथ्यही पाळले नव्हते.

हे मला नीट उमगले ते पुष्कळ वर्षांनी, आणि तेही एका फ्रेंच गायिकेच्या कृपेने. माझा एक विद्यार्थी पुदुच्चेरीस नोकरीला होता. तेथे फ्रेंचांची वस्ती जुनी. सुट्टीत गावी येताना त्याने माझ्यासाठी एदित प्याफ या गायिकेच्या निवडक गीतांचा एक संग्रह आणला. फ्रेंचांच्या गीतप्रकाराला शाँसाँ म्हणतात. शाँसाँ म्हणजे साधे गीतच. पण त्यात शब्दांना मान मोठा, आणि गाणारी व्यक्ती ते गीत एखाद्या नाट्यप्रवेशासारखे उभे करिते. आपल्याकडे भावगीत व नाट्यपद यांच्या मधोमध त्याचे आसन मांडता येईल. ही बाई १९१५ साली पॅरिसमध्ये जन्मली, रस्त्यावर गात वाढली, १९३५ साली एका कॅबरेचालकाच्या नजरेस पडली आणि १९६३ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, वारली. तिची सुरुवातीची गीते लाखेच्या तबकडीवरची, शेवटची चुंबकीय फितीवरची. आपल्या गायकाप्रमाणेच तिचेही सगळे आयुष्य एका लहानशा चकतीवर आणून बसविलेले.

फ्रेंच भाषेचे एक अक्षर मला येत नाही. परंतु त्या संग्रहाबरोबर एक छोटी पुस्तिका होती, आणि माझ्या विद्यार्थ्याने ती मला वाचून दाखविली. प्रत्येक गीताखाली शब्द कोणाचे, स्वररचना कोणाची, वाद्यवृंद कोणाचा आणि मुद्रण कोणत्या साली, हे सारे छापलेले होते. तिच्या सर्वांत गाजलेल्या गीताचे शब्द तिने स्वतः लिहिलेले आहेत आणि त्याची चाल लुइगी यांच्या नावावर आहे, हे मला घाटनांदुरात बसून कळले. आणि माझ्या मातृभाषेतल्या संग्रहातील एकाही पदाची एवढी माहिती मला त्या कॅसेटीने दिली नव्हती!

फ्रान्समध्ये ही शिस्त कोठून आली, याचाही इतिहास आहे. १८४७ साली एर्नेस्त बूर्जे नावाचा गीतकार पॅरिसच्या एका उपाहारगृहात आपल्या मित्रांसह बसला होता. तेथे त्यांचीच गीते गाऊन गिऱ्हाइकांची करमणूक चालली होती. निघताना त्याने खाण्यापिण्याचे पैसे देण्याचे साफ नाकारिले. ‘तुम्ही आमची गीते फुकट वापरता, तर आम्ही तुमचे पेय फुकट का पिऊ नये?’ असा त्याचा बिनतोड सवाल. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल गीतकारांच्या बाजूने लागला. त्यातून १८५१ साली गीतकार व संगीतकार यांच्या हक्कांची रक्षण करणारी संस्था तेथे उभी राहिली. नावाला मोल आले, म्हणून नाव लिहिण्याची सवय लागली. आपल्या देशात अशा धर्तीची संस्था १९६९ साली निघाली. मधल्या शंभर वर्षांहून अधिक काळात आपल्याकडे किती नावे पुसली गेली असतील, याचा अंदाज करवत नाही.

नावे पुसली जाणे म्हणजे काय, याची दोनच उदाहरणे देतो.

पहिले ‘एकच प्याल्या’चे. राम गणेश गडकरी यांचे हे नाटक. परंतु ते रंगभूमीवर येण्यापूर्वीच, जानेवारी १९१९ मध्ये, गडकरी निवर्तले. नाटकातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. त्यांच्या चाली देण्यात सुंदराबाई जाधव यांचा मोठा वाटा. या सुंदराबाई लावणी, ठुमरी, गझल यांत मुरलेल्या, स्वतःही तबकड्या दिलेल्या थोर गायिका. १९३९ सालच्या ‘माणूस’ चित्रपटातील नायकाची आई ज्यांनी पाहिली, त्यांनी त्यांना पाहिलेच आहे. आता संग्रहाच्या वेष्टनावर फक्त नाटकाचे नाव छापले, म्हणजे ऐकणारा सहजच असे समजतो की शब्द गडकऱ्यांचे व सूर बालगंधर्वांचा. गुर्जर गेले, सुंदराबाई गेल्या. सिंधूच्या दुःखाने ज्यांचे डोळे भरून आले, त्यांना ते दुःख सुरांत कोणी घडविले हे कळलेच नाही. बैठकीत गाणारी एक स्त्री, स्त्रीचा वेष घेणाऱ्या पुरुषाला स्त्रीच्या दुःखाचे सूर देते, ही आपल्या सामाजिक इतिहासातली केवढी अर्थपूर्ण गोष्ट! वेष्टनावरच्या एका ओळीअभावी ती लोपते.

दुसरे उदाहरण ‘स्वयंवरा’चे. या नाटकाच्या चाली गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्या. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा घराण्यांची विद्या पचविलेला हा महापुरुष १९२२ साली वारला. बुवांच्या स्वतःच्या गळ्याची तबकडी आपल्यापाशी नाही. मग त्यांचे गाणे कसे होते, हे आज कोठे शोधावयाचे? एक जागा म्हणजे त्यांच्या शिष्यांचे गळे, आणि दुसरी जागा ‘स्वयंवरा’च्या पदांच्या तबकड्या. रुक्मिणीच्या आवाजाआड बुवांची विद्या बसलेली आहे. ज्याला हे ठाऊक आहे, तो ती तीन मिनिटे कान टवकारून ऐकतो. ज्याला ठाऊक नाही, त्याला ते एक गोड जुने गाणे. म्हणजे पाहा, तबकडी तीच, सूर तेच. परंतु एक नाव लिहिल्याने वा न लिहिल्याने तिचे ऐतिहासिक मोल दुपटीने वाढते किंवा निम्म्यावर येते.

क्रमाची गोष्टही तशीच. कर्ण्यापुढे गायिलेले पद व ध्वनिक्षेपकापुढे गायिलेले पद शेजारी बसविले आणि साल सांगितले नाही, तर यंत्राचा दोष गायकाच्या माथी बसतो. त्यातच आणखी एक मेख आहे. सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या सर्वच मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या नसत. काही पंचाहत्तरच्या आतल्या, काही ऐंशीच्याही वरच्या. चौऱ्याहत्तर फेऱ्यांनी घेतलेली तबकडी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनी फिरविली, तर पेटीवर पांढरी एक पट्टीत गाणारा गायक काळी एकमध्ये गाऊ लागतो. स्वर चढतो, लय धावते, आवाज अधिक बारीक होतो. संग्रह करणाऱ्याने हा वेग तपासला नाही, तर पुढच्या पिढ्या त्या चढलेल्या आवाजालाच खरा आवाज समजतील. इतिहासात बनावट कागद जसा घातक, तसाच हा न तपासलेला वेग. फरक इतकाच की, येथे लबाडी कोणाचीच नसते; असते ती केवळ हयगय.

येथे कोणी मला विचारील की, गुरुजी, आपण संग्रहांवर एवढे का रागावता? संग्रह नसते तर हेही नसते. हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याचे कारण माझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे.

अंबाजोगाई हे आमचे तालुक्याचे ठिकाण. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी तेथेच. तेथे सोळाव्या शतकात दासोपंत होऊन गेले. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. त्यांनी लिहिले किती! गीतेवरील त्यांचा ‘गीतार्णव’ लक्षावधी ओव्यांचा सांगतात. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी सुमारे चोवीस हात लांबीच्या खादीच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले, आणि ती पासोडी अंबाजोगाईस जतन केलेली आहे. मी मुलांना घेऊन ती पाहावयास गेलो आहे. याच दासोपंतांनी गाण्यासाठी पदेही विपुल रचिली. त्या पदांचे शब्द हाती लागतात. परंतु दासोपंत ती कोणत्या आवाजात गात, कोणत्या शब्दावर थांबत, हे या पृथ्वीवरचा कोणीही मनुष्य सांगू शकत नाही. चारशे वर्षांपूर्वीचे वस्त्र राहिले, शाई राहिली, अक्षर राहिले. सूर राहिला नाही. त्या पासोडीपुढे उभे राहिले म्हणजे लाखेच्या ठिसूळ तबकडीतल्या तीन मिनिटांची थोरवी कळते. दासोपंतांची तीन मिनिटे आपल्याला मिळती, तर आपण काय दिले नसते! बालगंधर्व १५ जुलै १९६७ रोजी गेले. परंतु त्यांची तीन मिनिटे आपल्यापाशी आहेत. म्हणून संग्रह करणाऱ्यांचे उपकार मानावयाचे. आणि उपकार मानीत असतानाच त्यांच्याकडे तीन गोष्टी हक्काने मागावयाच्या: साल, नावे आणि खरा वेग.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगितल्यावाचून मला बोलणे संपविता येत नाही. त्या संध्याकाळी आबा निघताना म्हणाले होते, “गुरुजी, माझ्या पेटीत काही तबकड्या आहेत. एक दिवस वही घेऊन या. कोणती कोठून घेतली, आणि त्यातले कोणते पद मी नाटकात ऐकले, सगळे सांगतो.” मी ‘येतो’ म्हणालो. पुढे परीक्षा आल्या, मग लग्नसराई आली, मग पेरण्या. घर चार पावलांवर, म्हणून जाणे लांबत गेले. त्याच पावसाळ्यात आबा गेले.

काही वर्षांनी त्यांच्या मुलाने ती पेटी माझ्याकडे आणून दिली. तीत सात तबकड्या होत्या. दोन फुटलेल्या, एकीवरचा कागद उंदरांनी कुरतडलेला. एका वेष्टनावर आबांच्या अक्षरात बारीक पेन्सिलीने तीन शब्द लिहिलेले होते: ‘प्रत्यक्ष याहून संथ’. बस्स, एवढेच. हे पद त्यांनी कोणत्या साली, कोणत्या प्रयोगात ऐकले, किती वेळा पुन्हा मागितले गेले, काहीही नाही. पण त्या तीन शब्दांत एका साक्षीदाराची साक्ष आहे. तीन मिनिटांच्या चौकटीसाठी त्या पदाची लय रंगभूमीवरच्यापेक्षा जलद करावी लागली होती, असे तो साक्षीदार सांगतो आहे. बाकीच्या सहा तबकड्यांची साक्ष मी वही घेऊन गेलो असतो तर मिळाली असती. ती आता कोणत्याच संग्रहात सापडावयाची नाही.

तेव्हा, श्रोतेहो, आपणांस माझी विनंती आहे. आपण शहरात राहणारी मंडळी आहात. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर, जुन्या कपाटात, आजोबांच्या पेटीत तबकड्या पडलेल्या असतील. कॅसेटी तर नक्कीच असतील. त्या भंगारात देण्यापूर्वी एक कागद घ्या. त्यावर तबकडीचा क्रमांक, गाणाऱ्याचे नाव, ठाऊक असेल तर पदकर्त्याचे व चाल देणाऱ्याचे नाव लिहा. घरात एखादे वडील माणूस असेल तर त्याच्यापुढे ते गाणे लावा आणि ते काय बोलते ते जसेच्या तसे टिपून ठेवा. ‘हे आम्ही अमक्याच्या लग्नात ऐकले’ एवढे वाक्यही पुरे. तो कागद तबकडीच्या वेष्टनात घाला. आज ज्याच्या त्याच्या खिशात यंत्र आहे आणि त्यात हजारो गाणी आहेत. पण हा कागद त्या यंत्रात नाही. तो घराघरांतूनच लिहिला गेला पाहिजे.

आबांच्या पाच धड तबकड्यांत मी असे पाच कागद घालून ठेविले आहेत. त्यांपैकी चार कागदांवर लिहिण्याजोगे माझ्यापाशी थोडेच होते. पाचव्यावर आबांचे ते तीन शब्द उतरविले, त्यांच्याखाली ते कोणी लिहिले हे लिहिले, आणि ज्या संध्याकाळी ते माझ्या घरी आले होते, त्या संध्याकाळची हकीकत लिहिली.